गव्हाखालचा समुद्र

टार्नबिल,
१६ मार्च १९८६

लोइस,

नाताळच्या कार्डाखेरीज माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तुला वाटलं असेल, घरातलं कोणी गेलं. कोणी गेलेलं नाही. क्लेमची कंबर सोडली तर घरात सगळं धड आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुझ्याकडून एक गोष्ट विचारून घ्यायची आहे, म्हणून लिहिते आहे.

गेल्या मंगळवारी बाबांच्या त्या बुलोकाच्या झाडांच्या रानात एक ट्रक येऊन उभा राहिला. त्यावर भोकं पाडायचं यंत्र. सोबत कीओ नावाचा एक भूगर्भवाला, सव्वीस-सत्तावीसचा, कान उन्हाने सोलवटलेले. सदर्न शोअर नावाच्या खाणकंपनीचा माणूस. आमच्या परवानगीने त्यांनी तीन भोकं पाडली, पंधरा-वीस मीटर खोल. आधी आपली लाल माती आली, मग पिवळी चिकण, आणि मग वाळू. ओली, करडी वाळू. कीओने ती एका प्लास्टिकच्या थाळीत घेतली, पाणी घातलं आणि थाळी गोल गोल हलवत राहिला. हलकं सगळं वाहून गेलं आणि थाळीच्या कडेला एक काळी कोर उरली. अगदी नखाएवढी. तिच्याकडे बघताना त्याचा चेहरा असा झाला, जसा आमची जेनिस जन्मली तेव्हा क्लेमचा झाला होता.

"हा समुद्र आहे, मिसेस पीटरिंग," तो म्हणाला.

क्लेम म्हणाला, "पोरा, समुद्र इथून अडीचशे किलोमीटर दक्षिणेला आहे. रस्ता चुकलास."

"आज तिकडे आहे. पन्नास लाख वर्षांपूर्वी तो इथे होता."

मग त्याने नकाशा उघडला. आपल्याकडचे सगळे चढ एकाच दिशेने कसे जातात ते दाखवलं, पन्हाळी पत्र्याच्या घड्यांसारखे, एकामागे एक. समुद्र मागे हटत गेला तसा प्रत्येक ठिकाणी थोडा थांबला, आणि थांबला तिथे एकेक किनारा सोडून गेला. शाळेच्या वाटेवरचा चढ आठवतो ना? तू पुढे सायकल ढकलत, मी मागून शिव्या घालत? तो किनारा होता म्हणे. आपलं घर किनाऱ्यावर आहे, लोइस. क्लेम हसला. मला हसू आलं नाही. मी संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि तिथेच रानाकडे बघत उभी राहिले.

आता विचारायचं ते हे. त्यांना अजून चाळीस भोकं पाडायची आहेत, आणि तीन वर्षांत जमीन विकत घ्यायचा हक्कही लिहून हवा आहे. तू तिकडे वाळूच्याच कारखान्यात आहेस ना? हा पोरगा खरं बोलतो की आम्हाला टोपी घालतो?

एर्ना


बनबरी,
२ एप्रिल १९८६

प्रिय एर्ना,

पाकीट उघडायला मला अर्धा तास लागला. कोणी गेलं नाही हे वाचल्यावर मी चहा करून घेतला आणि मग पुढचं वाचलं.

मी कारखान्यात नाही, प्रयोगशाळेत आहे. एकोणीस वर्षं मी वाळूचे दाणे मोजते. खरोखर मोजते. खिडकीपाशी आम्ही सहा बायका सूक्ष्मदर्शक लावून बसतो. कुठल्या तरी भोकातली चिमूटभर वाळू काचेवर पसरायची, तीनशे दाणे एकेक करून ओळखायचे, कुठला किती ते लिहायचं. मग पुढची काच. कोणी विचारलं काय करतेस, तर मी सांगत नाही. सांगितलं की लोक हसतात.

पण तुझं पत्र वाचून सांगावंसं वाटतं आहे. आई वाटाण्याचं बी वाऱ्यावर उफणायची, आठवतं? फोल उडून जायचं, दाणा पायाशी पडायचा. समुद्र तेच करतो. लाट वाळू आणते आणि परत नेते, हलकं तेवढं उचलते, जड मागे ठेवते. दिवसाला हजारो लाटा, आणि अशी लाखो वर्षं. मागे राहतं ते काळं. त्यात इल्मेनाइट असतं, त्यापासून पांढरा रंग होतो. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला लावतात तो. गडद लाल रुटाइल असतं. झिरकॉन असतो, काचेसारखा स्वच्छ, आसवासारखा गोल झालेला. तो ज्या डोंगरातून आला तो डोंगर आज कुठेही नाही. झिजून गेला. दाणा मात्र आहे. काही दाणे तर पृथ्वीवरच्या पहिल्या झाडाच्याही आधीचे. मी त्यांना चिमट्याने बाजूला सारते आणि आकडा लिहिते.

आणि शंभरात एखादा, कधी दोन, मधाच्या रंगाचे. ते मोनाझाइट. त्याच्यात दहा-बारा धातू एकमेकांना धरून बसलेले असतात, जुळ्या भावांसारखे, वेगळे करता करता माणसाचं आयुष्य जाईल असे. दुर्मिळ मृदा म्हणतात त्यांना. टीव्हीवरचा लाल रंग, लायटरची ठिणगी, त्यांच्यामुळेच. आता जपानात त्यांचा लोहचुंबक करतात. शर्टाच्या गुंडीएवढा तुकडा हातोडा उचलतो. पुढे याला फार मागणी येणार असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

तुझा पोरगा खरं बोलतो. भोकं पाडू द्या. विक्रीच्या हक्कावर मात्र एवढ्यात सही करू नका. तिथे जड वाळू आहे हे कळणं एक, आणि ती काढता येणं दुसरं.

घर किनाऱ्यावर आहे हे मी तीन वेळा वाचलं.

लोइस


टार्नबिल,
२५ मे १९८६

लोइस,

तू कागदावर इतकं बोलू शकतेस हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुझं पत्र मी क्लेमला मोठ्याने वाचून दाखवलं. तो झिरकॉनपाशी म्हणाला, "परत वाच."

पेरणी उरकली. पाऊस वेळेवर आला. पण गावात गव्हाचं कोणी बोलत नाही, सगळे वाळूचंच बोलतात. चाळीस भोकं पाडून झाली आणि चाळीसही भोकांत काळं लागलं! कीओ आता आमच्याकडेच जेवतो. माझा केक खाता खाता तो म्हणतो की हा साठा इतका मोठा आहे की त्याला त्याची कडच सापडत नाही. एका रानात थांबावं तर पुढच्या रानातही आहे, रस्त्याखाली आहे, फुटबॉलच्या मैदानाखाली आहे, चर्चखाली आहे. रविवारी पास्टर नोस्के सृष्टीच्या तिसऱ्या दिवसावर बोलले, पाणी एका जागी गोळा झालं आणि कोरडी भूमी दिसू लागली त्यावर. बाहेर पडताना म्हाताऱ्या मिसेस हॅनेलने त्यांना अडवलं, "पास्टर, पन्नास लाख वर्षं बायबलात कुठे बसतात?" ते म्हणाले, "देवाने घड्याळ लावून काम केलं असं कुठे लिहिलंय?" तिला पटलं नाही, पण घरी जाताना ती चालताना जमिनीकडे बघत होती.

कंपनीचे मोठे साहेब मिस्टर हॅलिडे येऊन गेले. सभागृहात चित्रं दाखवली, चकचकीत पुस्तिका वाटल्या. शेअर तेव्हा तीस सेंटला होता, आज सत्तरला आहे. पाववाल्या मर्व्ह बेकरने भट्टी दुरुस्तीचे पैसे त्यात घातले. चर्चच्या समितीने छपराच्या निधीतले सहाशे डॉलर घातले. क्लेमकडे कापणीच्या नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. तो रोज पेपरात भाव बघतो.

तुला तिथे आतलं कळत असेल. घ्यावेत का?

तुझी,
एर्ना


बनबरी,
१९ जून १९८६

एर्ना,

मला कामाबद्दल लिहिता येत नाही, लिहिणारही नाही. क्लेमला सांग यंत्र घे. विक्रीच्या कागदावर सही करू नका. का, ते विचारू नकोस.

कंबरेसाठी गरम विटेपेक्षा गरम मिठाची पुरचुंडी चांगली.

लोइस


टार्नबिल,
६ जुलै १९८६

लोइस,

चार ओळी! मी चार पानं लिहायची आणि तू चार ओळी. आणि त्याही हुकूम सोडल्यासारख्या.

मला वाटलं होतं की पंचवीस वर्षांनी तरी तुझ्या मनातलं गेलं असेल. बाबांनी जमीन मला आणि क्लेमला दिली, त्यात माझा काय दोष? तू सहा वर्षं ट्रॅक्टर चालवलास, बाबांची पाठ मोडल्यावर तूच सगळं केलंस, मला माहीत आहे. पण ते मृत्युपत्र मी लिहिलं नव्हतं. तू पेटी उचललीस आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलीस. आईच्या अंत्यविधीला आलीस तेव्हाही माझ्याशी पाहुण्यासारखी बोललीस. आणि आता त्या जमिनीखाली देवाने काही ठेवलंय म्हटल्यावर तुला ते बघवत नाही. सरळ लिही ना तसं!

सोबत त्यांची नवी पुस्तिका पाठवते आहे. आकडे वाच. मोठमोठ्या माणसांच्या सह्या आहेत त्यावर. त्या सगळ्यांपेक्षा तुला जास्त कळतं का?

एर्ना


बनबरी,
२२ मार्च १९८७

प्रिय एर्ना,

हे पत्र मी जुलैपासून मनात लिहिते आहे. आता लिहायला मोकळी झाले आहे, का ते शेवटी येईल.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर पिशव्यांची एक खेप आली. पिशव्यांवर नुसते आकडे असतात, कुठून आलं ते आम्हाला कळू नये म्हणून. तिसऱ्या पिशवीत वाळूबरोबर एक चुरगळलेली चिठ्ठी निघाली, भोकावर काम करणाऱ्याने लिहिलेली, चुकून आत राहिलेली. पेन्सिलने लिहिलं होतं, "पीटरिंग. बुलोक रान. १४ मीटर."

माझ्या हातातून चिमटा खाली पडला. शेजारच्या डॉटने विचारलं, "काय गं, भूत बघितलंस?" मी म्हटलं, "हो."

मी काच लावली आणि डोळा टेकवला. एर्ना, एकोणीस वर्षांत मी दहा देशांची वाळू पाहिली आहे. पण मी ज्या जमिनीवर चालायला शिकले तिच्याखालचं मी कधी पाहिलं नव्हतं. ते दाणे इतके बारीक होते की मला भिंग दुप्पट करावं लागलं. आणि मग दिसलं. झिरकॉन, एकाला एक लागून, दवासारखे. लाल रुटाइल. आणि मधाचे दाणे, किती तरी, माझ्या नेहमीच्या वाळूपेक्षा किती तरी जास्त. खिडकीतून ऊन येत होतं आणि ते आतून पेटल्यासारखे दिसत होते. मी ट्रॅक्टरवर बसून सहा वर्षं ह्याच्यावरून गेले होते. मी त्या दिवशी एकही आकडा लिहिला नाही. डॉटने माझी काच मोजून दिली.

दुसऱ्या दिवशी मोजायला बसले तेव्हा कळलं की ते इतके बारीक आहेत हीच खरी अडचण आहे. किनाऱ्यावरचा दाणा रव्यासारखा असतो. आपला मैद्यासारखा आहे. याचा अर्थ असा की आपलं रान किनारा नव्हतंच. चढ किनारा आहे, कीओ त्यात चुकला नाही; पण तो नंतरचा, समुद्र मागे हटताना वर आलेला. खाली चौदा मीटरवर जे आहे ते किनाऱ्यापासून आत, खोल, शांत पाण्याचा तळ आहे. लाटेने जे उचललं आणि दूर नेलं ते तिथे सावकाश खाली बसलं. आपलं घर समुद्राच्या काठावर नाही, एर्ना. समुद्राच्या आत आहे.

पण मैदा वेगळा करता येत नाही. आज ज्या यंत्रांनी जड वाळू हलकीपासून काढतात, पाण्याच्या गोल घसरगुंड्या असतात त्या, त्यांतून इतका बारीक दाणा पाण्याबरोबर निघून जातो. जगात आज कोणाकडेही याला उपाय नाही. पुढे कोणी काढेल. पन्नास वर्षांनी कदाचित. पण मर्व्ह बेकरची भट्टी पन्नास वर्षं थांबणार नाही.

हे मला तुला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. नोकरीला लागताना मी कागदावर सही केली होती, टेबलावरचं बाहेर बोलणार नाही म्हणून. म्हणून त्या चार ओळी. त्या वाचून तुला काय वाटलं ते तू लिहिलंस. मी तुझ्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. आणि एक कबूल करते: ती चिठ्ठी वाचल्यावर पहिल्या क्षणी मला खरंच वाटलं होतं, हेसुद्धा एर्नाचं. काच लावल्यावर ते गेलं. त्या दाण्यांपुढे "माझं-तुझं" हा शब्दच मला आठवेना.

मग तुझी पुस्तिका आली. त्यात माझे आकडे होते, माझेच, मी मोजलेले. किती टक्के जड, किती मोनाझाइट, सगळं बरोबर. फक्त आमच्या अहवालात शेवटचा एक रकाना असतो, दाण्याच्या आकाराचा. तो पुस्तिकेत नव्हता. मी आमचे प्रमुख मिस्टर ट्रेलोर यांच्याकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "लोइस, आपलं काम मोजायचं. पुढे कोण काय छापतं ते आपलं काम नाही." मी सात महिने स्वतःला तेच सांगत राहिले.

फेब्रुवारीत डॉटने दाखवलं की कंपनीची भागधारकांची सभा पर्थला आहे. मी शंभर शेअर विकत घेतले. आणि सभेच्या आदल्या शुक्रवारी राजीनामा दिला, म्हणजे कोणी मिस्टर ट्रेलोरना बोल लावायला नको. सभा एका हॉटेलात होती, दोनशे माणसं. मिस्टर हॅलिडे तासभर बोलले. जगातला सर्वांत मोठा साठा, पुढच्या शतकाचे धातू, वगैरे. ते खोटं नव्हतं, हीच तर गंमत. मग म्हणाले, काही प्रश्न?

मी चर्चच्या गायनमंडळातसुद्धा मागच्या रांगेत उभी राहणारी. मी उठले.

"दाणा केवढा आहे?" मी विचारलं.

"कसला दाणा, बाई?"

"वाळूचा. एक दाणा केवढा आहे?"

थोडे लोक हसले. हॅलिडे म्हणाले, "तो तांत्रिक तपशील आहे, आपण नंतर चहाच्या वेळी..."

"मी भागधारक आहे. मला आत्ता ऐकायचं आहे."

ते बाजूला वळले. तिथे टेबलाच्या टोकाला एक तरुण बसला होता, कान सोललेले. तुझ्या वर्णनावरून मी कीओला ओळखलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग हॅलिडेंना काही न विचारता उठून उभा राहिला आणि म्हणाला, "पन्नास मायक्रॉन. पिठाएवढा." सभागृहात एक म्हातारा खाणकामगार होता, तो मोठ्याने म्हणाला, "अरे देवा!" बाकीच्यांना त्याच्या तोंडाकडे बघून समजलं.

पुढचं तू पेपरात वाचलं असशील.

तुझ्या गावाचं मी नुकसान केलं हे मला ठाऊक आहे. आणखी वर्षभराने ते जास्त झालं असतं असं मी स्वतःला सांगते. दर वेळी पटतंच असं नाही.

लोइस


टार्नबिल,
१२ एप्रिल १९८७

लोइस,

पत्र पोचलं.

शेअर नऊ सेंटला आहे. कंपनीने ट्रक नेले. ती बाई तूच हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पेपरात नाव आलं होतं आणि बाबांचंच आडनाव तू लावतेस. मर्व्ह माझ्याकडे न बघता पाव देतो. चर्चचं छप्पर या हिवाळ्याच्या पावसात गळणार.

क्लेमने यंत्र घेतलं. तुझं ते चार ओळींचं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी जाऊन ठरवून आला होता. "लोइस कारण सांगत नाही म्हणजे कारण मोठं आहे," म्हणाला. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नव्हते.

मला आणखी काही सांगायचं आहे, पण आज होत नाही.

एर्ना


बनबरी,
२८ जून १९८७

प्रिय एर्ना,

रेल्वेने एक खोकं पाठवते आहे. हॉर्शम स्टेशनवरून क्लेमला आणायला सांग, आणि आडवं ठेवू नका म्हणावं. त्यात माझा सूक्ष्मदर्शक आहे. प्रयोगशाळेने जुने काढले तेव्हा डॉट आणि बाकीच्यांनी वर्गणी काढून माझा मला घेऊन दिला. सोबत थोड्या काचा आहेत आणि कसं लावायचं ते चित्र काढून दिलं आहे. कीओने तुमच्याकडे वाळूच्या पिशव्या सोडल्या असतील. ते नेहमी सोडतात. चिमूटभर पुरे. सकाळचं ऊन असेल तिथे ठेव.

मी तुला दाण्यांबद्दल लिहून लिहून सांगितलं. ते पुरेसं नाही. तू बघ.

मी सध्या शाळेच्या ग्रंथालयात तीन दिवस जाते. बरं चाललंय. काळजी करू नकोस.

लोइस


टार्नबिल,
६ सप्टेंबर १९८७

प्रिय लोइस,

खोकं दोन महिने न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून होतं. मी त्याला हात लावत नव्हते. क्लेम रोज जाता-येता म्हणायचा, "तुझी बहीण उभी आहे तिथे, बस तरी म्हण."

गेल्या सोमवारी तो रानात गेल्यावर मी ते उघडलं. तुझ्या चित्राप्रमाणे सगळं लावलं. काचेवर वाळू पसरली. डोळा टेकवला तर माझीच पापणी दिसली. मग चाक फिरवलं.

मला लिहिता येत नाही तुझ्यासारखं. मी तोंडावर हात घेतला, एवढंच सांगते. घरात कोणी नव्हतं, तरी घेतला. चर्चमध्ये घेतात तसा. इतकी वर्षं मी खिडकीतून बाहेर बघते तेव्हा मला सपाट दिसतं, लोइस. सपाट आणि करडं. आणि त्याच्याखाली हे असं. कोणी बघणारं नसताना, कोणासाठीही नसताना, पन्नास लाख वर्षं नुसतं असं पडून. क्लेम जेवायला आला तर चूल पेटलेली नव्हती. तो काही बोलायच्या आत मी त्याला खुर्चीत बसवलं. त्याने एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं. मग त्याने टोपी काढली. "पंचवीस वर्षं ह्याच्यावर नांगर घालतोय," म्हणाला, "आणि मला वाटायचं खाली काही नाही."

रविवारी मी ते चर्चच्या सभागृहात नेलं. प्रार्थनेनंतर चहाच्या टेबलावर मांडलं, खिडकीपाशी. पहिल्यांदा कोणी पुढे येईना. मग मर्व्ह बेकर आला, हाताची घडी घालून. "दाखव," म्हणाला, "तुझ्या बहिणीने आमचं काय बुडवलं ते तरी बघू दे." तो वाकला. त्याचे हात हळूहळू सुटले. मला वाटलं त्याला नीट दिसत नाही, म्हणून चाक फिरवायला गेले तर म्हणाला, "हात लावू नको." मग मान वर न करताच त्याने बायकोला हाक मारली, "ग्लॅडिस! इकडे ये. लवकर ये." जसं काही ते उडून जाणार होतं.

मग दारापर्यंत रांग लागली. चहा गार झाला. मिसेस हॅनेलला खुर्चीवर उशी ठेवून बसवलं. ती उठली तेव्हा पास्टरांना म्हणाली, "घड्याळ लावलं नव्हतं, हे खरं." पोरं तर पुन्हा पुन्हा मागून येऊन उभी राहत होती. छपराखाली दोन बादल्या ठेवल्या होत्या, त्यांत पाणी ठिबकत होतं आणि सगळे कुजबुजत बोलत होते. निघताना मर्व्ह मला म्हणाला, "तुझी बहीण त्या सभेत एकटी उभी राहिली?" मी म्हटलं, एकटी. "पीठ म्हणजे काय ते मला विचारायचं होतं ना," म्हणाला आणि संध्याकाळी स्वतः पाव घरी पोचवला.

आता जे एप्रिलमध्ये लिहवलं नाही ते.

आई गेली तेव्हा तिने चार हजार डॉलर ठेवले होते. मला म्हणाली होती, अर्धे लोइसचे. मी तुला सांगितलं नाही. त्या दिवशी तू माझ्याशी पाहुण्यासारखी बोललीस म्हणून आधी नाही सांगितलं, आणि मग इतके दिवस झाले की सांगायची लाज वाटली. तुझे दोन हजार मी बँकेत वेगळे ठेवले होते. गेल्या वर्षी तुझं ते चार ओळींचं पत्र आल्यावर मी रागाने हॉर्शमला गेले आणि त्या सगळ्या पैशांचे शेअर घेतले. तुझ्या नावाने. मनात म्हटलं, दहापट झाले की तिच्या हातात ठेवीन आणि सांगीन, बघ, ज्या जमिनीचा राग धरलास तिने तुला काय दिलं. तू त्या सभेत उभी राहून प्रश्न विचारलास तेव्हा तुझे नुसते शंभर शेअर नव्हते, लोइस. तुझे त्याखेरीज पंचवीसशे होते. मी क्लेमलाही सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. तो इतका हसला की त्याची कंबर पुन्हा धरली.

कागद सोबत आहे. आज त्याची किंमत दोनशे डॉलरही नाही. हे पैसे मी भरून देणार आहे. दोन हंगाम लागतील. नको म्हणू नकोस.

बाबांनी मला जमीन दिली असं मी इतकी वर्षं धरून चालले. वरची वीतभर माती दिली त्यांनी, आणि ती चांगली आहे, तिच्यात गहू येतो. पण ह्या रानाकडे तळापर्यंत नीट बघितलं ते तू.

मी काल तीनशे दाणे मोजायला बसले. दोनशे सतरावर चुकले. परत पहिल्यापासून सुरू केलं, एकशे चाळीसवर चुकले. डोळ्यातून पाणी यायला लागलं, मान आखडली. तिसऱ्या वेळी संध्याकाळपर्यंत पूर्ण केले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले, तर क्लेम म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "ही एक काच. तिने एकोणीस वर्षं केलं हे." लोइस, दिवसाला किती काचा करायचीस गं? मला कधी विचारायचं सुचलं नाही. कळव.

तुझी,
एर्ना